डाव्या चाकाचं लायनर

१० जानेवारी

भावजींना,

तुमचं पत्र पोचलं. पत्र कसलं, दुकानातल्या पोरीनं टाइप केलेला हुकूम पोचला. ‘श्रीमती वहिनी यांना कळविण्यात येते की’ असं वाचलं आणि मी मागे वळून बघितलं, कोण बाई आलीय घरात म्हणून. खाली सही, तीही शिक्क्याची. धाकट्या दिरानं थोरल्या वहिनीला शिक्का मारून पाठवला, हे मी आमच्या गल्लीत कौतुकानं दाखवून आले.

फोनच करायचा होतात. पण मी बोलायला लागले की तुमची रेंज जाते, नाही का. म्हणून मीही कागदच घेतला. कागदाला रेंज लागत नाही. शिवाय तुमचा चष्मा कायम दुकानात राहतो, त्यामुळे माझी पत्रं तुमची बायको, आमची धाकटीच तुम्हाला वाचून दाखवते, हे मला ठाऊक आहे. धाकटे, मोठ्यानं वाच गं, आणि गाळू नकोस काही.

तर शाळेच्या मैदानावर जुन्या यंत्रांचं प्रदर्शन आहे, तुम्ही प्रमुख पाहुणे आहात, आणि मामंजींचा ट्रॅक्टर मी ‘धुऊन-पुसून तयार ठेवावा’. त्यावर स्वतः बसून तुम्ही मिरवणुकीच्या पुढे राहणार. मैदानापासून पाण्याच्या टाकीच्या उतारानं खाली बाजारापर्यंत. त्याच उतारानं.

ठेवते की. न ठेवायला काय झालं. इंजिन अजून बोलतं. हे होते तोवर महिन्यातून एकदा ताडपत्री वर करून सुरू करायचे, जरा वेळ ऐकत बसायचे आणि बंद करायचे. गिअर मात्र कधी टाकला नाही. तुमचा पाय त्यावर गेल्यापासून त्या ट्रॅक्टरचं चाक शेडच्या बाहेर पडलेलं नाही.

भाषणात तुम्ही काय सांगणार तेही मला पाठ आहे. नवा ट्रॅक्टर घ्यायला गिऱ्हाईक आलं की त्याला खुर्चीत बसवून तुम्ही अधू झालेला डावा पाय पुढे करता. ‘हा पाय बघा. आमच्या थोरल्या भावानं ब्रेकचं लायनर बदलायचा कंटाळा केला. मी उतारावर दोन्ही ब्रेक दाबले, एकही लागला नाही. जुन्यावर विसंबू नका.’ आणि मग गिऱ्हाईक सही करतं. माझ्या लेकीच्या लग्नातही व्याह्यांना हीच गोष्ट सांगितलीत, चांगली रंगवून. हे तिथेच उभे होते, हातात पाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेऊन. सगळे हसले म्हणून हेही हसले. मग ट्रे घेऊन मागे गेले आणि धुतलेले ग्लास परत धूत बसले. त्यांना जाऊन दोन वर्षं होत आली, तरी पोस्टमन अजून ‘ब्रेकफेलांचं घर’ म्हणूनच पत्र टाकतो.

माझं एकच मागणं आहे. ट्रॅक्टरवर बसा, हात हलवा, फोटो काढा. ती गोष्ट तेवढी या वेळी सांगू नका. आता त्यांना उठून ग्लास धुवायलाही जाता येत नाही.

तुमची वहिनी

ता.क. ज्या ब्रेकनं तुमचा पाय घेतला त्यावर तुम्हाला तसंच कसं बसवू? लायनर नवीन घालून घेते. काळजी नसावी.


१७ जानेवारी

भावजी,

शिक्का परत आला. ‘सदर प्रसंग जनतेच्या सुरक्षिततेसाठी सांगणे आवश्यक असून भाषण समितीने मंजूर केले आहे.’ बरं. जनतेचं भलं होत असेल तर मी कोण मध्ये येणारी.

मी आपली लायनरच्या मागे लागले. आमच्या मागच्या गल्लीत ते डेपोवाले राहतात ना, बसच्या डेपोतून रिटायर झालेले, त्यांना बोलावलं. माणूस कामाचा आहे, पण तोंड बंद राहत नाही. जॅक लावताना म्हणे, ‘आमच्या डेपोत असला जॅक भंगारात टाकायचे.’ चाक घरंगळू नये म्हणून उटी लावली तर म्हणे, ‘आमच्या डेपोत लाकडाची उटी चालायची नाही.’ मी म्हटलं, ‘मग डेपो उचलून इथे आणा, नाहीतर चहा घ्या.’ चहा घेतला. आमच्या डेपोत यापेक्षा गोड असायचा म्हणाले.

जुन्या ट्रॅक्टरचं लायनर आता कुठल्या दुकानात मिळत नाही. तुमच्या दुकानातही विचारलं होतं मी, माणूस पाठवून. तुमच्याच पोरीनं सांगितलं की असल्या जुन्या वस्तू आम्ही ठेवत नाही. मग डेपोवाल्यांनी ट्रकच्या लायनरची जाड पट्टी पैदा केली. ती कापून, भोकं पाडून बसवायची, म्हणजे ब्रेक दाबला की तीच ड्रमला घासून चाक धरते.

आधी उजवं चाक काढलं. चाक निघालं, पण आतला ड्रम गंजून असा चिकटलेला, जसा काही जावई सासुरवाडीला. डिझेल सोडलं, कडेनं हातोडीनं गोल-गोल ठोकत बसलो. एकाच जागी जोर लावायचा नाही, फिरत-फिरत ठोकायचं. हे मला डेपोवाल्यांनी नाही सांगितलं, ह्यांचं बघून माहीत होतं. शेवटी ड्रम सुटला. आतली धूळ फुंकायची नसते, छातीत जाते, म्हणून तोंडाला पदर बांधून ओल्या फडक्यानं पुसली. आणि मग बघितलं.

काय बघितलं असेल, भावजी?

धाकटे, इथे जरा थांब. त्यांच्याकडे बघ.

लायनर होतं. नुसतं होतं नव्हे, चांगलं बोटभर जाड होतं. ते धरून ठेवणाऱ्या पितळेच्या रिबिटा खोल आत, जिथल्या तिथे. डेपोवाल्यांनी डेपोचं नाव काढलं नाही, म्हणजे तुम्ही समजा काय ते. मग म्हणाले, ‘वहिनी, हे बदलायचं कशाला? हे अजून दहा हंगाम जाईल.’

ज्या माणसानं लायनर बदलायचा कंटाळा केला, त्याच्या ब्रेकमध्ये बोटभर लायनर कसं, याचा मी विचार करतेय. तुम्हीही करा. दोघं मिळून केला तर लवकर उत्तर मिळेल.

डावं चाक परवा काढणार आहोत. तुम्हाला तोवर झोप लागेल ना?

तुमची वहिनी


२० जानेवारी

भावजी,

कालचे तुमचे फोन बघितले. एवढी रेंज एकदम कुठून आली? मी उचलले नाहीत. हातात ग्रीस होतं.

डावं चाक काढलं. हा ड्रम मात्र लगेच सुटला, कारण त्याला धरून ठेवायला आत काही उरलंच नव्हतं. लायनर संपलेलं. रिबिटांची डोकी घासून सपाट झालेली आणि ड्रमला आतून चरे पडलेले, नांगरटीसारखे. लोखंडावर लोखंड घासत होतं.

आता मी तुम्हाला शिकवायला जाणार नाही, तुम्ही ट्रॅक्टर विकता. पण धाकटीला कळायला हवं, म्हणून लिहिते. ऐक गं. आपल्या ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडल आहेत, उजव्या पायाखाली शेजारी-शेजारी. एक डाव्या चाकाचं, एक उजव्या चाकाचं. शेतात वळताना एकच दाबायचं, म्हणजे ट्रॅक्टर त्या बाजूला जागच्या जागी फिरतो. पण रस्त्यावर आलं की दोन्ही पेडल जोडणारी एक कडी असते, ती लावायची. मग पाय कुठेही पडला तरी दोन्ही ब्रेक एकदम लागतात. हे शेताच्या बांधावरून रस्त्यावर आले की खाली वाकून कडी लावायचे आणि मगच पुढे निघायचे. मी मागे बसलेली असायचे, मला तो आवाज पाठ होता.

आणि लायनर त्यांनी दोन्ही चाकांना एकाच दिवशी घातलं होतं, एकाच पट्टीतून कापून. तो दिवस मला चांगला आठवतो, कारण माझ्या नव्या साडीला ग्रीस लागलं आणि मी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. त्यानंतर ह्यांची पाठ धरली. तो सगळा हंगाम हे अंथरुणावर होते आणि ट्रॅक्टर तुमच्याकडे होता. विटांच्या खेपा करत होतात तुम्ही, रस्त्यावरून, दिवसभर. बरोबर ना? एवढ्या खेपांत दोन्हीकडचं लायनर संपलं आणि ह्यांनी ते परत घातलं नाही, असं मी धरून चालले होते.

एकाच दिवशी घातलेलं लायनर. एक बाजू नवी कोरी, दुसरी बाजू संपलेली. कडी लावून चालवला असता तर दोन्ही सारखी झिजली असती. तुम्ही रस्त्यावरही कडी न लावता चालवत होतात, आणि पाय डाव्याच पेडलवर ठेवून बसत होतात.

कडी कुठे होती तेही सांगते. पेडलच्या मागे वळवून तारेनं बांधलेली. तार गुलाबी प्लास्टिकची. तुमच्या त्या टेपरेकॉर्डरची, जो तुम्ही बॅटरीला जोडून ट्रॅक्टरवर वाजवायचात. कडी खडखडायची आणि गाण्यात व्यत्यय यायचा, म्हणून बांधून टाकलीत. गाणी चांगली होती, खोटं कशाला बोलू.

आता उतार. ‘दोन्ही ब्रेक दाबले, एकही लागला नाही.’ दोन्ही कुठले दाबलेत? उजवा दाबला असतात तर लागला असता, बोटभर लायनर बसलंय आत. आणि दोन्ही ब्रेक गेलेला ट्रॅक्टर सरळ खाली जातो. तुमचा डावीकडे का वळला, मोरीच्या कठड्यावर? डावा ब्रेक लोखंडानं जेवढा धरला, तेवढ्यानंच ओढला. उतारावरच्या न्हाव्यानं तेव्हाच विचारलं होतं हे. मामंजींनी त्याला ओरडून गप्प केलं.

मामंजींनी तुमचा पाय बघितला आणि ह्यांना अंगणात उभं केलं, सगळ्यांच्या देखत. रस्त्याकडच्या खोल्या तुम्हाला दिल्या, दुकानाला बऱ्या म्हणून, तालुक्याला गेलात तोवर तिथेच होतात. आम्ही मागे, शेडशेजारी. ते मला कधी टोचलं नाही, मागे वारा चांगला येतो. पण ह्या माणसानं उरलेला सगळा जन्म दाराची कडी दोनदा तपासली, गॅसचा नळ दोनदा बघितला. सायकलला ब्रेक मारायच्या आधी उतरून चालायचे. आपल्या हलगर्जीपणानं भावाचा पाय गेला, हे डोक्यात घेऊन जगले, असं मी इतकी वर्षं समजत होते.

आता मागणं बदललं. गोष्ट सांगू नका, असं मी म्हटलं होतं ना? सांगा. नक्की सांगा. पण खरी सांगा, माईकवर, त्याच मैदानात. दोन वाक्यं आहेत. दादानं ब्रेक नीट घातले होते. कडी मी लावली नव्हती.

तुमची वहिनी


२७ जानेवारी

भावजी,

या वेळी तुमच्या हातचं पत्र आलं. अक्षर अजून तसंच, मुंग्या पळाल्यासारखं. बघून बरं वाटलं, शिक्का विकून टाकलात वाटतं.

तुम्ही लिहिता, ‘दादाला माहीत होतं.’ हॉस्पिटलात त्यांनीच तुमच्या कानात सांगितलं की मी ड्रम उघडून बघितला, तारही बघितली, बाबा शांत होईपर्यंत तू गप्प बस, नाहीतर ते तुला असल्या पायानं घराबाहेर काढतील.

हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि अंगण झाडायला घेतलं. सकाळी झाडलेलंच होतं, परत झाडलं. मग आत जाऊन ह्यांच्या फोटोशी जे बोलले ते तुम्हाला सांगणार नाही, नवरा-बायकोचं आहे. फोटो अजून भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. सोमवारी सरळ करीन म्हणते.

म्हणजे ते उघडून, बघून, जसंच्या तसं परत बंद करून आले होते. आणि मग अंगणात उभे राहिले. मग ग्लास धुतले. आणि मला, जी त्यांच्या ताटाला ताट लावून जेवत होती, मला एका शब्दानं कळू दिलं नाही. सायकलवरून उतरून चालायचे ते कशाला, हे मला आता कळत नाही. कदाचित लोकांना पटावं म्हणून. कदाचित सवयच लागली.

असो. त्यांच्याकडे मी बघून घेईन, जेव्हा भेट होईल तेव्हा. आता तुमचं.

‘बाबा शांत होईपर्यंत.’ मामंजी तर केव्हाच शांत झाले, कायमचेच. त्यानंतर तुम्हाला कुणाची भीती होती? त्यांनी तुम्हाला गप्प बसायला सांगितलं होतं, भावजी. गोष्ट सांगत फिरा असं नव्हतं सांगितलं. व्याह्यांना सांगा, गिऱ्हाइकाला सांगा, हे कुठे होतं त्यात? आणि लेकीच्या लग्नात, ते समोर ट्रे घेऊन उभे आहेत, त्यांना माहीत आहे हे तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही रंगवून सांगताय. हे वाचून मला पहिल्यांदा तुमची भीती वाटली. आधी नुसता राग होता.

लायनर दोन्ही बाजूंना घालून झालं. उजवंही बदललं, एक नवं आणि एक जुनं ठेवलं की ट्रॅक्टर ओढतो. जुन्या रिबिटा मी स्वतः छिन्नीनं तोडल्या, एकेक. प्रत्येक घावाला तुमचं नाव घेत होते म्हणून काम भरभर झालं. नव्या मारताना मधून सुरुवात करून कडेला जायचं, म्हणजे पट्टी पोटाला फुगत नाही. डेपोवाल्यांनी दोन्ही पेडलचा दाब सारखा करून दिला आणि मैदानाच्या रस्त्यावर चालवून बघितलं. मी म्हणेन तिथे उभा राहतो. आमच्या डेपोत यापेक्षा बरा राहायचा, पण ठीक आहे म्हणाले.

फक्त कडी मी काढून ठेवली आहे. माझ्या बटव्यात आहे, पान-सुपारीशेजारी.

तुम्ही लिहिता तब्येत बरी नाही, ड्रायव्हर पाठवतो. पाठवू नका. बोर्डावर तुमचा फोटो लागलाय, खाली लिहिलंय ‘स्वतः चालवणार’. हेडमास्तरांना तो मजकूर कुणी सुचवला ते विचारू नका. तुम्ही नाही आलात तर माईक मोकळाच राहील, आणि मला बोलायला आवडतं. गोष्ट तुमच्या तोंडून बरी वाटेल. माझ्या तोंडून सांगितली तर त्यात टेपरेकॉर्डर येईल, गाणं कुठलं होतं ते येईल, विटा कुणाच्या होत्या आणि वीटभट्टीवाल्याची बहीण खेपेला का बसायची तेही येईल.

धाकटे, ही शेवटची ओळ खोटी आहे हो. की खरी आहे? विचार त्यांना.

उतारावर कडीशिवाय बसायची तुमची आता हिंमत नाही, हे मला ठाऊक आहे. कडी हवी तर मागा. मागितली की देते. मोठ्यानं मागा म्हणजे झालं.

तुमची वहिनी


८ फेब्रुवारी

भावजी,

काल तुम्ही चहाही न घेता गेलात. धाकटी आली नव्हती, मैदानावर काय झालं ते तिला कळायला हवं. म्हणून हे सगळं लिहिते आणि या वेळी तुम्ही तिला वाचून दाखवायचं. चष्मा घ्या. धाकटे, ते मध्येच थांबले तर तू थांबू नकोस, कागद हातातून घे.

मैदान भरलं होतं. तुम्ही पांढरे कपडे घालून आलात, ट्रॅक्टरवर चढताना दोघांनी हात दिला. बसलात, आणि पहिलं खाली बघितलंत. कडीच्या जागी दोन भोकं. मी मडगार्डला टेकून उभी होते.

‘वहिनी, कडी द्या,’ तुम्ही ओठांतल्या ओठांत म्हणालात.

‘काय म्हणालात, भावजी? वय झालं हो, ऐकू येत नाही.’

‘कडी.’

‘घडी? घड्याळ नाही माझ्याकडे.’

डेपोवाले मध्ये पडले, ‘आमच्या डेपोत,’ एवढंच बोलले आणि मी त्यांच्या पायावर पाय दिला. तेवढ्यात तो माईकवाला आला, पाहुण्यांना काहीतरी हवंय असं बघून. त्यानं बिचाऱ्यानं चांगुलपणानं माईक तुमच्या तोंडापाशी धरला. आणि सगळ्या मैदानाला ऐकू गेलं, ‘वहिनी, कडी द्या हो.’

लोक हसले. हेडमास्तरांनी विचारलं, ‘कसली कडी, साहेब?’

तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी काही खुणावलं नाही, डोळाही मारला नाही, नंतर लोकांनी काहीही सांगितलं तरी. मी बटवा उघडला, कडी काढली आणि तळहातावर धरली.

तुम्ही दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलंत. मग म्हणालात, ‘ब्रेकची कडी. दोन्ही ब्रेक जोडते. त्या दिवशी मी लावली नव्हती.’ माईक अजून तोंडापाशीच. ‘दादानं ब्रेक नीट घातले होते. माझ्या बाजूनं चूक झाली. मी इतकी वर्षं त्याच्यावर ढकलली. त्याला माहीत होतं आणि तो बोलला नाही.’

शेवटचं वाक्य मी सांगितलेल्या दोन वाक्यांत नव्हतं. ते तुमचं होतं, म्हणून लिहून ठेवते.

मी वाकून कडी लावली. तुम्ही ट्रॅक्टर काढलात, टाकीच्या उतारानं खाली नेलात आणि मोरीपाशी ब्रेक दाबून उभा केलात. जागच्या जागी राहिला. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. न्हावी दुकानाच्या पायरीवर उभा होता, त्यानं हातातला वस्तरा खाली केला. तुम्ही तिथून पुढे न्यायलाच तयार नव्हता. पाय पेडलवर तसाच ठेवून बसलात. शेवटी बाजारापर्यंत डेपोवाल्यांनी नेला.

इथपर्यंत मला बरं वाटत होतं, इतकं की मी घरी येऊन फोटो सरळ केला.

तुमची वहिनी


१६ फेब्रुवारी

भावजी,

तुमचं पत्र आलं आणि ते वाचून माझं डोकं फिरलं.

तुम्ही लिहिता, लोक दुकानात येऊन हात मिळवतात. पेपरात फोटो आला, ‘मोठ्या मनाची कबुली’. हेडमास्तरांनी मुलांना सांगितलं की माणसानं असं असावं. एक गिऱ्हाईक म्हणालं, जो माणूस चूक कबूल करतो त्याच्याकडूनच ट्रॅक्टर घ्यायचा. आणि खाली तुम्ही विचारता, ‘आता तरी मिटलं का, वहिनी?’

म्हणजे टाळ्याही तुम्हालाच. खोटं बोललात तेव्हा लोकांनी हळहळून तुमच्याकडून ट्रॅक्टर घेतले, खरं बोललात तर कौतुकानं घेतायत. गप्प बसला तो गेला, आणि त्याच्या गप्प बसण्याचंही तुम्ही दुकान मांडलंत. मी इतका आटापिटा केला तो तुमची जाहिरात करायला केला असं झालं. परवा समितीचे लोक मला भेटले तर म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही भाग्यवान, असा दीर मिळायला.’ मी हसले. ह्यांच्यासारखं हसायला मला जमत नाही, पण हसले.

एक न्हावी तेवढा आपला. तो दाढी करताना प्रत्येकाला गोष्ट सांगतो आणि ह्यांचं नाव आदरानं घेतो. त्याच्या गोष्टीत तुम्ही खूप जास्त वाईट आहात. मी दुरुस्त करत नाही.

तर मिटलं का? नाही, भावजी. मिटलं नाही.

बाजारापर्यंत नेताना डेपोवाल्यांच्या लक्षात आलं, क्लचप्लेटही जायला आलीय. त्यासाठी ट्रॅक्टर मधून दोन भागांत सोडवावा लागतो. मोठं काम आहे, महिनाभराचे रविवार जातील. डेपोवाल्यांना मी नको सांगितलं. तुम्ही या. पांढरे कपडे नकोत, टाकून द्यायच्या लायकीचे घाला. पेपरवाल्यांना सांगायचं नाही, हेडमास्तरांना सांगायचं नाही, फोटो नाही. मागच्या दारानं या.

तुम्ही खाली झोपून नट सोडवायचे. मी वर स्टुलावर बसून पाने देणार, आणि दिवसभर तुमच्या भावाचं कौतुक सांगणार. तुम्हाला माहीत नसलेलं सगळं, लग्नाच्या दिवसापासून. ते कसे बोलायचे, पाठ दुखत असताना कसे उठायचे, मला काय म्हणून हाक मारायचे. बसायचं ऐकत. मध्ये-मध्ये हूं म्हणायचं, म्हणजे मला कळेल की ऐकताय.

हूं थांबलं की माझ्या हातून पाना सुटतो, एवढं लक्षात ठेवा.

तुमची वहिनी